ओठ हलत होते

आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना होते, आणि तिच्यातली नावांची रांग ठरलेली आहे. आधी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, आणि पाळकसाहेब, मग देशाचे राज्यकर्ते, मग आजारी माणसं, मग गावाकडचे नातेवाईक थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, आणि सगळ्यात शेवटी घरातले. घरातल्यांत पूर्वी पहिलं नाव अभिनवचं यायचं, मग माझं, मग कस्तुरीचं. आता पहिलं माझं येतं.

अभिनव माझा नवरा. गेल्या वर्षी मे महिन्यात तो गेला. त्याचे आईवडील, आक्काबाई आणि हिंदुराव समुद्रे, त्याला बघायला म्हणून गडहिंग्लजहून निघाले आणि त्याला मातीत ठेवायलाच पोचले. मग ते परत गेलेच नाहीत. जयपूरला बनी पार्कात एका गेस्टहाउसच्या मागे तळमजल्यावर आमचं भाड्याचं घर आहे. माझी नोकरी इथली, कस्तुरीची शाळा इथली, आणि त्यांचा मुलगाही आता कायमचा इथलाच. त्याला एकट्याला परमुलखात ठेवून कसं जायचं, असं आई म्हणाल्या, आणि बाबांनी गावाकडच्या घराला कुलूप घातलं.

माझ्या सासऱ्यांचं नाव हिंदुराव आणि ते चार पिढ्यांचे ख्रिस्ती, हे कोडं जयपुरात कुणालाच सुटत नाही. घरमालक गुप्ताजी सुरुवातीला विचारायचे, "अंकलजी, नाम हिंदुराव और जाते हो चर्च?" बाबा त्यांच्या हिंदीत उत्तर द्यायचे, "नाम आजोबांनी रखा, उनको पूछो." आजोबा केव्हाच वर गेलेले, त्यामुळे विषय तिथेच मिटायचा.

बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि निवृत्त झाल्यावर मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे पंच, म्हणून निवडले गेले. मास्तर आणि मंडळीचा वडील, अशी दुहेरी शिस्त एकाच माणसात. मी आल्या दिवसापासून त्यांना जरा वचकूनच असे. अभिनवला पुरल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की आता प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायचं नाही. आपल्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस विश्वासात गेला असेल तर त्याच्यासाठी मागायला काही उरत नाही, आणि विश्वासात गेला नसेल तर मागून उपयोग नाही. वर्गात भागाकार शिकवावा तसं त्यांनी ते शिकवलं. बाकी शून्य.

मी वाद घातला नाही. मला प्रार्थनेचंच काही पडलेलं नव्हतं. देवाशी माझा अबोला चालू होता. नवराबायकोत असतो तसा. एकाच घरात राहायचं, समोरासमोर बसायचं, पण बोलायचं नाही. संध्याकाळी मी सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसायची, डोळेही मिटायची, पण शेवटी सगळे आमेन म्हणत तेव्हा ओठ मिटून बसायची. बाबांच्या ते लक्षात आलं होतं. रोज आमेनच्या आधी ते एक क्षण जास्त थांबत. मी काही बोलत नसे. मग ते स्वतः म्हणत, मग आई, मग कस्तुरी. वर्षभर आमचं हे असं चाललं होतं, आणि त्याबद्दल आम्ही एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता.

लोक धीर द्यायला आले तेव्हा मी फार वाईट वागले. चर्चमधल्या एक बाई म्हणाल्या, "देवाला आपल्या बागेत चांगलीच फुलं लागतात." मी म्हणाले, "मग त्यानं नर्सरी काढावी. माझं एकुलतं एक झाड कशाला उपटलं?" बाई चहा अर्धा टाकून गेल्या. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

आता मुद्द्याचं सांगते.

अभिनवच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेला आणि तिथून आयसीयूमध्ये. डॉक्टरांनी बजावलं होतं, की तोंडावाटे काही म्हणजे काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. जे जायचं ते सलाइनमधून. त्यांचं काही चुकलं नव्हतं, मी नंतर तीन ठिकाणी विचारून खात्री करून घेतली. पण बाहेर जयपूरचा मे महिना होता, अंगात ताप होता, आणि अभिनवला तहान लागली होती. शेवटी शेवटी तो एवढा एकच शब्द बोलत होता. पाणी. आवाज गेला तेव्हाही ओठ तोच शब्द करत होते. सिस्टरनं मला कापसाचा ओला बोळा ओठांवरून फिरवायची परवानगी दिली. मी बोळा फिरवला की तो ओठांनी धरून चोखायला बघायचा, आणि मला तो ओढून काढून घ्यावा लागायचा.

एकदा मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "प्रार्थना करू का?" त्याला तेव्हा समजत होतं. त्यानं मान हलवली. "नको," म्हणाला. "पाणी दे."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तो गेला तेव्हा आईबाबा गाडीत होते. गाडी रतलामला उभी असताना बाबांचा फोन आला. फलाटावरचा गोंगाट, चहावाल्यांच्या आरोळ्या. मी सांगितलं. मग बाबांनी विचारलं, "शेवटी काही बोलला का?"

"नीट काही नाही, बाबा. ओठ हलत होते."

"प्रार्थना करत असेल," बाबा म्हणाले.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. रतलामच्या फलाटावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला मी काय सांगणार होते, की तुमचा मुलगा प्रार्थनेला नको म्हणाला?

कारण बाबांची खरी भीती मला ठाऊक होती. अभिनव चर्चला जात नसे. इथे आल्यापासून तर नाताळ सोडला तर नाहीच. दर रविवारी बाबांचा फोन यायचा, "उपासनेला गेलास का?" आणि हा पलंगावर लोळत म्हणायचा, "बाबा, रेंज नाहीये, आवाज तुटतोय." मला म्हणायचा, "देवानं सातव्या दिवशी विश्रांती घेतली, मी त्याचंच अनुकरण करतोय." त्याचं देवाशी भांडण नव्हतं, सख्यही नव्हतं. गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला मान डोलवावी तेवढंच. आणि बाबांच्या शिकवणीप्रमाणे अशा मुलाची पुन्हा भेट होईल याची खात्री देता येत नाही. त्या न हलणाऱ्या शिकवणीत एकच फट होती. शेवटच्या घटकेला जरी माणूस देवाकडे वळला, तरी देव त्याला घेतो. म्हणून बाबांना ते हलणारे ओठ हवे होते. बुडत्याला काडीचा आधार, तसे.

वर्षभरात त्या गोष्टीनं चांगलं बाळसं धरलं. गडहिंग्लजच्या मंडळीला फोनवर सांगताना आधी ओठ हलत होते, मग तो प्रार्थना करत होता, मग हात जोडलेले होते. दोन्ही हातांना सुया टोचलेल्या होत्या, जोडणार कुठून? पण दिवाळीच्या सुमारास चेहराही उजळला. बाबा खोटं बोलत नव्हते. ते रोज थोडं थोडं आठवत होते, जे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

आमच्यात माणूस गेल्याला वर्ष झालं की घरी आभारप्रार्थना ठेवतात. माणसं जमतात, गाणी होतात, आणि घरच्यांपैकी सगळ्यात जवळचं माणूस उठून साक्ष देतं. गेलेला कसा जगला, कसा गेला, आणि देवानं मागे राहिलेल्यांना कसं सावरलं. जयपुरात आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहोत. रविवारी हिंदी उपासनेला जातो, पण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी मराठी सभा भरते. कधी शास्त्री नगरला, कधी मिलिटरी स्टेशनात सुभेदार विजयरावांच्या क्वार्टरमध्ये. रडायला आणि देवाशी भांडायला आपलीच भाषा लागते, म्हणून. मे महिन्याची सभा आमच्याकडे ठेवायची आणि तीच अभिनवची आभारप्रार्थना, असं बाबांनी ठरवलं.

"साक्ष तू दे," ते मला म्हणाले.

मी लॅपटॉप मिटला. "आभार कशाचे मानायचे, बाबा?"

"जितके दिवस दिला, त्याचे."

"आणि जितके दिवस नाही दिला, त्याचं काय?"

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "ते त्याला विचार."

"मी बोलत नाही त्याच्याशी."

"दिसतंय मला," बाबा म्हणाले. मग हळू, मास्तरकी सोडून म्हणाले, "तू लांबण लावू नको. फक्त शेवटचं सांग. तू जवळ होतीस. मी सांगून सांगून काय, मी नव्हतो तिथे. तुझ्या तोंडून एकदा चार माणसांत आलं, की झालं."

त्यांना साक्ष लोकांसाठी नको होती. स्वतःसाठी हवी होती. एवढं वर्षभर ते स्वतःच्याच शब्दावर तगून होते, आणि आता त्यांना माझी सही हवी होती. मी बरं म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले. मग तिथे ओट्याला धरून उभी राहिले.

काय करायचं होतं मी? खोटं बोलायचं तर काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. माझा देवावर विश्वास आहे की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं, मग देवाच्या नावानं खोटं बोलायला भीती कसली? पण भीती दुसरीच होती. मी एकदा उभी राहून सांगितलं, की अभिनव हात जोडून, उजळ चेहऱ्यानं, प्रार्थना करत गेला, की माझा अभिनव संपला. रविवारी लोळणारा, रेंज नाही म्हणणारा, शेवटी पाणी मागणारा. त्याच्या जागी एक कुणीतरी सज्जन माणूस यायचा, ज्याच्याशी माझं लग्न झालेलं नव्हतं. एकदा देवानं नेलं, आता मीच उरलासुरला देऊन टाकायचा. आणि खरं सांगितलं, तर बाबांचा मुलगा संपायचा, या जगातला आणि त्या जगातलाही. दोन्हीकडून मरण होतं, आणि तारीख जवळ येत होती.

आईंचं वेगळंच चाललं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली गुप्ताजींनी त्यांच्या वडिलांच्या नावानं प्याऊ घातलेला आहे. लाल फडक्यात गुंडाळलेले माठ, वर वडिलांचं नाव रंगवलेलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उन्हाळाभर पाणी. पाणी पाजणारी बाई एप्रिलमध्ये गावी गेली, तर आमच्या आई जाऊन बसल्या. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. लांब तोटीच्या तांब्याच्या भांड्यानं त्या लोकांच्या ओंजळीत पाणी घालत. त्या भांड्याला इथे रामझारा म्हणतात. बाबांनी एकदा त्या नावाबद्दल कुरकुर केली. आई म्हणाल्या, "भांड्याचं नाव काय का असंना, पाणी देवाचंच हाय. आणि हिंदुराव नावाच्या माणसानं तर काय बोलूच न्हाई."

कोल्हापूरकडच्या बायकांसारख्या आमच्या आई 'मी जातो, मी बसतो' असं बोलतात. कस्तुरीला त्याची फार गंमत वाटते. तिची मराठी निम्मी हिंदी. "आजी, मतलब तू बॉय आहेस का?" असं विचारते. आई तिला म्हणतात, "घरात एक तरी गडी पायजे की आता."

सभेच्या आदल्या दिवशी शनिवार होता. सकाळी मी भाजी घेऊन येत होते. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. प्याऊपाशी एक रिक्षावाला ओंजळ तोंडाला लावून उभा होता, डोळे मिटून, गटागट पीत होता. मी नेहमीप्रमाणे मान वळवली आणि पुढे निघाले.

"रुचिता, थांब," आईंनी हाक मारली.

रिक्षावाला गेला. आईंनी रामझारा खाली ठेवला आणि शेजारच्या स्टुलावरची पिशवी उचलून मला जागा केली. मी बसले.

"हितं कोण पाणी पितंय ते तुला बघवत न्हाई," त्या म्हणाल्या. "महिनाभर बघतोय मी. तोंड फिरवून जातीस. का?"

मी भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवल्या.

"त्याचे ओठ हलत हुते म्हणालीस. काय म्हणत हुता त्यो?"

"आई, नका विचारू."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं. सगळं नाही, पण पुरेसं कळलं, हे मला त्यांच्या हातावरून समजलं, कारण त्यांनी तो माठावरच्या ओल्या फडक्यावर ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या.

"बरं, न्हाई विचारत," त्या म्हणाल्या. "पर एक सांगतो. उद्या चार माणसांत खोटं बोलू नको. ह्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी तर नकोच. पोरगा माझा जसा हुता तसा हुता. मी त्याला तसाच जन्म दिला."

"बाबांना झेपणार नाही, आई."

"त्ये मी बघतो." मग त्यांनी गल्लीत इकडेतिकडे बघितलं, जणू कुणी मंडळीतलं ऐकत असावं, आणि आवाज बारीक केला. "तुला म्हणून सांगतो. मी रोज त्याचं नाव घेतो. मनात. आमेनच्या आधी ह्ये जरा थांबत्यात बघ, तेवढ्यात. चूक हाय, म्हाईत हाय मला. मास्तरची बायको हाय मी. पर आईला कसं जमायचं? सगळ्यांची नावं घ्यायची, आणि त्याचंच न्हाई?"

माझ्यासाठी बाबा जी जागा सोडत होते, ती आई वापरत होत्या. मी तिथे प्याऊपाशी भर उन्हात, भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून, वर्षात पहिल्यांदा मोकळेपणानं रडले. आईंनी मला थोपटलं नाही की गप्प बस म्हणाल्या नाहीत. कुणी पाणी प्यायला आलं की उठत, घालत, आणि परत येऊन बसत.

रविवारी संध्याकाळी माणसं आली. विजयराव ढोलकी घेऊन आले, त्यांच्या बायकोनं, मनीषाताईंनी गाणी सांगितली. कूलर घरघरत होता. सतरंजीवर दाटीवाटीनं सगळे बसले, बाबा भिंतीशी, पांढऱ्या सदऱ्यात, आई दाराजवळ. कस्तुरी माझ्या मांडीला टेकून. अभिनवचा फोटो टीपॉयवर होता, हसरा, आमेरच्या रस्त्यावर काढलेला. हार घातलेला नव्हता, आमच्यात घालत नाहीत. त्यामुळे तो आत्ताच उठून चहा मागेल असा दिसत होता.

गाणी झाली. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "माझा मुलगा प्रभूमध्ये झोपी गेला त्याला वर्ष झालं. त्याच्या शेवटच्या घटकेची साक्ष आमची सूनबाई देतील." आणि ते बसले. हात मांडीवर ठेवून, मान किंचित पुढे काढून. शाळेत निकाल ऐकायला बसलेल्या मुलासारखे.

मी उभी राहिले. तोपर्यंत मी काहीच ठरवलेलं नव्हतं, हे खरं सांगते. दाराजवळ आई खाली बघत होत्या. मी बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, "बाबा, मी तुम्हालाच सांगते. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल."

मग मी सांगितलं. त्याला पाणी द्यायचं नव्हतं हे सांगितलं. बोळ्याचं सांगितलं, तो बोळा ओठांनी कसा धरायचा आणि मी कसा काढून घ्यायची ते सांगितलं. "त्याचे ओठ हलत होते ते पाणी म्हणत होते, बाबा. मी त्याला प्रार्थना करू का विचारलं होतं. तो नको म्हणाला. पाणी दे म्हणाला. मी दिलं नाही. त्याचे हात जोडलेले नव्हते. चेहरा उजळला नव्हता. त्याला फार तहान लागली होती आणि तो तहानलेलाच गेला. देवानं मला धीर दिला अशी साक्ष मला देता येणार नाही. दिलेला नाही. मी अजून वाट बघतेय."

मी खाली बसले. विजयराव ढोलकीच्या वादीकडे बघत होते. मनीषाताई डोळे पुसत होत्या आणि पुसता पुसता त्यांनी, बिचाऱ्यांनी, धीराचं एक गाणं सुरू केलं. बाबांनी हात वर केला. त्या थांबल्या.

बाबांकडे बघायची माझी छाती होत नव्हती. त्यांना काय वाटत असेल ते मला समजत होतं. एका म्हाताऱ्या माणसाची शेवटची काडी मी सगळ्यांसमोर काढून घेतली होती. आई उठून त्यांच्याकडे जातील असं वाटलं, पण त्या बसूनच राहिल्या. फक्त त्यांचे डोळे बाबांवरून हलले नाहीत.

शेवटची प्रार्थना बाबांचीच असते. ते भिंतीला धरून उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही मिटले.

"हे आमच्या स्वर्गीय पित्या," त्यांनी सुरुवात केली, आणि रांग निघाली. मंडळी झाली. पाळकसाहेब झाले. राज्यकर्ते झाले, आजारी झाले, गडहिंग्लजचे नातेवाईक थोरल्या चुलत्यापासून झाले. आवाज कोरडा होता, पण एक नाव चुकलं नाही. मास्तर हजेरी घेत होते. मला वाटलं, संपलं. या माणसानं ते ऐकलंच नाही असं ठरवलंय. उद्यापासून हेच चालणार, आणि माझं नाव पहिलं येणार.

"आणि आमच्या घरातल्यांना, प्रभू," बाबा म्हणाले, आणि थांबले.

कूलरचा आवाज तेवढा येत होता. लांब स्टेशनात गाडीनं शिट्टी दिली. कस्तुरीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, आजोबा विसरले की काय म्हणून.

"अभिनव," ते म्हणाले.

दाराजवळ आईंच्या तोंडून कसलासा आवाज निघाला.

"माझ्या अभिनवला तहान लागली होती, प्रभू." आता तो मास्तरांचा आवाज राहिला नव्हता. "तहान म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. वधस्तंभावर तुझ्याही ओठांना कुणीतरी बोळा लावला होता, आणि त्याच्यात तर पाणीसुद्धा नव्हतं. त्यानं प्रार्थना केली नाही म्हणतात. त्यानं पाणी मागितलं. मरताना तूही मागितलं होतंस. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, गेलेल्यासाठी मागायचं नसतं. शिकवलं ते चूक की बरोबर ते तू बघ. मी बाप आहे, मी मागतो. आमची गाडी वेळेवर पोचली नाही. ही पोर जवळ होती, तिला देता आलं नाही. तुझ्याजवळ आहे तो. त्याला पाणी दे."

मग त्यांनी माझं नाव घेतलं, मग कस्तुरीचं. आणि मग नेहमीसारखे एक क्षण थांबले.

"आमेन," मी म्हणाले. सगळ्यांच्या आधी.